रुग्णालय स्वतंत्र ठेवायचे की कुणाशी जोडायचे? विलीनीकरण आणि भागीदारीचे पर्याय

विश्वस्त_एक (धागाकर्ता)

नमस्कार. मी ११० खाटांच्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळावर गेली नऊ वर्षे आहे. रुग्णालय कोणत्याही साखळीचा भाग नाही, इमारत संस्थेच्या मालकीची आहे, कर्ज फारसे नाही आणि लोकांत नावही चांगले आहे. तरीही सलग दोन वर्षे कामकाजात तोटा झाला आहे. सीटी स्कॅनचे यंत्र कधी बंद पडेल याचा नेम नाही, तीन पूर्णवेळ भूलतज्ज्ञांपैकी एकच उरला आहे, आणि विमा कंपन्यांशी दर ठरवायला बसलो की समोरचा माणूस घड्याळाकडे पाहत असतो, कारण आमच्यावाचून त्याचे काहीच अडत नाही.

आता मंडळापुढे दोन प्रस्ताव आहेत. पहिला एका मोठ्या साखळीचा आहे: संस्था त्यांच्यात पूर्णपणे सामील करावी, त्याबदल्यात पाच वर्षांत ठरावीक भांडवली गुंतवणूक आणि नव्या सतरा जणांच्या मंडळावर आम्हांला दोन जागा. दुसरा एका अध्यापन रुग्णालयाचा आहे: मालकीला हात न लावता, वार्षिक शुल्क घेऊन वैद्यकीय संलग्नता. मंडळात सरळ दोन तट पडले आहेत. एका तटाला पहिला प्रस्ताव म्हणजे राहते घर विकणे वाटते, तर दुसऱ्याला दुसरा प्रस्ताव म्हणजे नवी पाटी लावून जुने दिवस ढकलणे वाटते. माझी शंका निराळी आहे. या दोन टोकांच्या मध्ये बरेच काही असावे, पण जो तो आपल्याच दुकानातला माल दाखवत असल्यामुळे ते आम्हांला कुणी सांगत नाही. ज्यांनी अशा व्यवहारांत काम केले आहे त्यांनी कृपया लिहावे.

ताळेबंद

मी रुग्णालयांची लेखापरीक्षणे केली आहेत, त्या अनुभवावरून सांगतो. दोन्ही प्रस्ताव आठवडाभर कपाटात ठेवा आणि आधी आपल्याला नेमके काय कमी पडते ते कागदावर उतरवा. तुमच्या एका परिच्छेदात चार निरनिराळे आजार आले आहेत: यंत्रासाठी भांडवल नाही, भूलतज्ज्ञ नाहीत, विमा कंपन्यांपुढे वजन नाही आणि रोजच्या कामात तोटा आहे. या चारांवर एकच औषध चालत नाही. सीटीसाठी संस्था विलीन करण्याची गरज नसते, आणि संलग्नतेने सीटी येत नाही.

त्यानंतर एक आकडा काढा. हाती असलेली रोकड आणि लगेच मोडता येतील अशा ठेवी यांच्या बेरजेला रोजच्या खर्चाने भागा. खर्चात घसारा धरू नका, कारण घसाऱ्याचा धनादेश कुणाला द्यावा लागत नाही. रोजचा खर्च १० आणि हाती १,२०० असतील तर तुमच्याकडे १२० दिवस आहेत. देणगीदारांनी विशिष्ट कामासाठी बांधून दिलेला निधी यात मिळवू नका. ही चूक मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिली आहे. ताळेबंदात तो निधी इतका ऐटीत बसलेला असतो की तो आपला नाही हे विसरायला होते.

हा आकडा मी आधी का मागतो, तर पहिल्या पत्रापासून अंतिम सहीपर्यंत वर्ष-दीड वर्ष सहज निघून जाते आणि तेवढा काळ तोटा थांबत नाही. ज्याच्याकडे २०० दिवस आहेत तो चार जणांना बोलावून तुलना करतो. ज्याच्याकडे ३० दिवस आहेत त्याच्याशी कुणी वाटाघाट करत नाही, त्याला फक्त सह्या कुठे करायच्या ते दाखवले जाते.

कलमवार

ताळेबंद यांच्याशी सहमत आहे. मी वकील आहे आणि असे काही करार दोन्ही बाजूंनी लिहिले आहेत, म्हणून मधल्या पायऱ्यांविषयी लिहितो. प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारावा: इथून परत फिरता येते का, आणि फिरायला काय पडते?

सर्वांत सैल गाठ एकत्रित खरेदीची. औषधे, हातमोजे, टाक्यांचे धागे यांसाठी अनेक रुग्णालये मिळून दर ठरवतात. बाहेर पडलात तर तो दर जातो, दुसरे काही जात नाही. त्यानंतर वैद्यकीय संलग्नता. अमेरिकेतील मेयो क्लिनिक या नामवंत रुग्णालय समूहाने २०११ मध्ये असे एक जाळे सुरू केले. त्यातली रुग्णालये स्वतंत्रच राहतात, शुल्क भरतात आणि त्यांच्या डॉक्टरांना मेयोच्या तज्ज्ञांचे सल्ले व उपचारपद्धतींचा संग्रह वापरता येतो. इथे मिळते ते ज्ञान आणि नाव. पैसा मिळत नाही, उलट द्यावा लागतो.

व्यवस्थापन करारात मालकी आणि मंडळ तुमचे राहते, पण प्रशासक त्यांचा असतो. शुल्क उलाढालीच्या टक्केवारीवर असेल तर जपून राहा, कारण मग त्यांचे हित उलाढाल वाढवण्यात असते आणि शिल्लक उरली नाही तरी त्यांचे बिघडत नाही. संयुक्त उपक्रमात एखाद्या विभागापुरती, म्हणजे डायलिसिस, किरणोपचार किंवा निदान केंद्र यांच्यापुरती, वेगळी कंपनी काढतात. भागीदार यंत्र आणतो, तुम्ही जागा आणि रुग्ण आणता. तुमच्या सीटीला हे चपखल बसते. मात्र नफ्याचे विभाग एकेक करून असे बाहेर काढले, तर मूळ रुग्णालयाकडे आपत्कालीन विभाग आणि प्रसूती विभाग एवढेच उरतात आणि तोटा कागदोपत्री आणखी ठळक होतो.

यापुढची पायरी संयुक्त कार्यचालनाची. दोन संस्था आपापली मालमत्ता आणि आपापले विश्वस्त ठेवतात, वर एक तिसरी संस्था नेमतात, अंदाजपत्रक आणि सेवांचे नियोजन तिच्याकडे देतात आणि शिल्लक ठरल्या प्रमाणात वाटून घेतात. धार्मिक संस्थांना आपली ओळख टिकवायची असते तेव्हा हा मार्ग त्यांना भावतो. कागदावर तो सुंदर दिसतो. पण एका वर्षी एकाला तोटा झाला की दुसऱ्याचे विश्वस्त ‘आमच्या देणगीदारांचे पैसे तिकडे का’ असे विचारू लागतात, आणि त्याला उत्तर नसते.

आता ज्या प्रकाराबद्दल लोक सर्वांत कमी जाणतात तो: सभासद-बदल. अमेरिकेतील ना-नफा रुग्णालयांत तो सर्रास चालतो. रुग्णालयाची संस्था तीच राहते, नाव तेच, परवाना तोच, देणीही तीच. बदलते इतकेच की त्या संस्थेचा एकमेव सभासद ती मोठी साखळी होते, आणि मंडळ नेमण्याचा अधिकार सभासदाचा असतो. बहुधा खरेदीची किंमत म्हणून काही दिले जात नाही. बाहेरून पाहणाऱ्याला पाटीसुद्धा बदललेली दिसत नाही, पण किल्ली गेलेली असते. तुमच्या पहिल्या प्रस्तावात ‘सामील’ हा शब्द आहे, त्याचा नेमका अर्थ सभासद-बदल आहे का संपूर्ण विलीनीकरण, हे आधी लेखी विचारा. संपूर्ण विलीनीकरणात तुमची संस्था कायद्याने संपते. मालमत्ता विकली तर संस्था राहते, पैसा तिच्याकडे येतो, आणि खरेदीदाराने स्वीकारली नाहीत ती देणीही तिच्याकडेच राहतात.

चिमटा

मी शल्यचिकित्सक आहे, कायद्यातले मला फारसे कळत नाही. संलग्नतेला मंडळातले काही जण ‘नवी पाटी’ म्हणतात ते अर्धे खरे आहे. आमच्याकडे तिने जे केले ते एकाच जागी दिसले. पक्षाघाताचा रुग्ण आला की आपत्कालीन विभागातली कॅमेऱ्याची गाडी खाटेशी लावायची, दूरच्या रुग्णालयातले मेंदुविकारतज्ज्ञ रुग्णाला हात वर धरायला सांगायचे, सीटीच्या प्रतिमा तिकडे त्याच वेळी उघडलेल्या असायच्या आणि गुठळी विरघळवणारे औषध द्यायचे की नाही ते तिथल्या तिथे ठरायचे. लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत ते द्यावे लागते. पूर्वी आम्ही अशा रुग्णाला गाडीत घालून पुढे पाठवत होतो आणि हे तास रस्त्यातच संपत होते. यासाठी आम्हांला कुणाला मालक करून घ्यावे लागले नाही.

पण तुमची खरी नड भूलतज्ज्ञांची आहे. संलग्नतेच्या मसुद्यात ‘तज्ज्ञांचे सहकार्य’ असे मोघम लिहिलेले असेल तर त्यातून एकही भूलतज्ज्ञ तुमच्या शस्त्रक्रियागृहात येणार नाही. आठवड्यात किती दिवस, रात्रीच्या तातडीसाठी कोण, आणि ठरलेला माणूस आला नाही तर पर्यायी कोण, हे नावानिशी नाही तरी पदानिशी लिहून घ्या.

आणखी एक. मोठे रुग्णालय संलग्न होते त्यामागे त्याचेही गणित असते, आणि त्यात काही वावगे नाही. तुमच्याकडून वर किती रुग्ण गेले याचा हिशेब ते ठेवतातच. तुम्ही उलटा हिशेब ठेवा: गुंतागुंतीची शस्त्रक्रिया तिकडे झाल्यावर किती रुग्ण पुढच्या देखभालीसाठी तुमच्याकडे परत आले? आमच्याकडे पहिल्या वर्षी हे कुणी मोजलेच नाही. दुसऱ्या वर्षी मोजले तेव्हा कळले की साध्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियासुद्धा वर जाऊ लागल्या होत्या.

रात्रपाळी

मी २३ वर्षे परिचारिका आहे, त्यांतली शेवटची सहा मेट्रन म्हणून. आमचे रुग्णालय एका मोठ्या समूहात विलीन झाले तेव्हा विलीनीकरण समितीत चौदा जण होते आणि परिचर्या विभागातले त्यांत कुणीही नव्हते. त्याचे काय झाले ते सांगते.

औषध ठरावीक वेगाने शिरेत सोडणाऱ्या पंपाला त्याच बनावटीची नळी लागते. समूहातल्या इतर रुग्णालयांत दुसऱ्या बनावटीचे पंप होते, म्हणून मध्यवर्ती खरेदी विभागाने एका फटक्यात सगळीकडच्या नळ्यांचे कंत्राट बदलले. पंपही बदलायचे होतेच, पण ते यायला उशीर झाला आणि आमचा जुन्या नळ्यांचा साठा त्याआधीच संपत आला. नवी नळी जुन्या पंपात बसायची, झाकणसुद्धा लागायचे, आणि मिनिटभरात पंप हवेचा बुडबुडा असल्याचा गजर करून थांबायचा. बुडबुडा नसायचाच. आम्ही उरलेल्या सगळ्या जुन्या नळ्या वॉर्डांतून गोळा करून अतिदक्षता विभागात नेल्या, आणि आठ रात्री सामान्य वॉर्डांत मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत थेंब मोजून सलाईन लावले, २० थेंबांचा एक मिलिलिटर या हिशेबाने. नव्या मुलींना ते येतच नव्हते. त्यांना कधी गरजच पडली नव्हती. कुणाला इजा झाली नाही, ते आमचे नशीब.

दरवेळी फोन केला की तिकडचा माणूस नम्रपणे सांगायचा की तुमची मागणी प्रणालीत दिसते आहे. पूर्वी मी भांडारपालाच्या टेबलाशी जाऊन उभी राहत असे.

म्हणून विश्वस्त साहेब, एक विनंती. सहीच्या आधी प्रत्येक वॉर्डातल्या यंत्रांची आणि त्यांना लागणाऱ्या सुट्या वस्तूंची यादी करा. ती करताना प्रभारी परिचारिकांना बोलवा, खरेदी अधिकाऱ्यावर सोडू नका. आणि सेवाज्येष्ठता जुन्या रुजू तारखेपासून धरणार की विलीनीकरणाच्या तारखेपासून, हे लिहून घ्या. आमच्याकडे यावरून सात अनुभवी परिचारिका सोडून गेल्या, आणि त्यांच्याबरोबर थेंब मोजता येणारे हातही गेले.

आकडेमोड

रात्रपाळी ताईंनी जे सांगितले त्याला धरून. २०२० च्या जानेवारीत ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दुसऱ्यांनी ताब्यात घेतलेल्या २४६ अमेरिकी रुग्णालयांची १,९८६ इतर रुग्णालयांशी तुलना होती. ताब्यात गेलेल्या रुग्णालयांत रुग्णांचा अनुभव किंचित खालावला. मृत्यूंच्या आणि पुन्हा दाखल व्हावे लागण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. म्हणजे ‘विलीनीकरणाने दर्जा सुधारतो’ या वाक्याला, निदान सरसकट, आधार मिळत नाही. दरांबाबत २०१९ मध्ये आलेल्या अमेरिकेतल्याच दुसऱ्या मोठ्या अभ्यासात, ज्या बाजारात एकच रुग्णालय आहे तिथले दर चार किंवा अधिक प्रतिस्पर्धी असलेल्या बाजारापेक्षा १२ टक्के जास्त आढळले. विमा कंपनीपुढे वजन वाढते याचाच हा दुसरा चेहरा आहे, आणि ते पैसे शेवटी हप्ता भरणाऱ्याच्या खिशातून येतात.

अवांतर: उदाहरणे अमेरिका-इंग्लंडची येतात याचे कारण एवढेच की तिथले वाद न्यायालयांत आणि नियामकांपुढे गेल्याने कागद सार्वजनिक आहेत.

प्रशासक_माजी

आतापर्यंतचे प्रतिसाद वाचून असे वाटू लागेल की सैल गाठ नेहमीच शहाणपणाची. मी ज्या रुग्णालयात प्रशासक होतो ते विलीन झाले नसते तर बंद पडले असते. अग्निसुरक्षेची कामे, जुना बॉयलर, छताची गळती यांवरचा खर्च आमच्या आवाक्याबाहेर होता आणि एकत्रित खरेदीत वाचणाऱ्या पैशांतून छप्पर होत नाही. विलीनीकरणानंतर दोन वर्षांत सगळे झाले. प्रसूती विभाग मात्र चौथ्या वर्षी बंद केला. माझ्या मते तो आम्हांला स्वतंत्र राहूनही बंद करावा लागला असता, पण हे मी कुणाला पटवू शकलो नाही.

ओहायो राज्यातील मॉमी येथील सेंट ल्यूक्स रुग्णालयाचा इतिहास दोन्ही तटांना एकत्र बसवून वाचून दाखवावा. ते २०१० मध्ये प्रोमेडिका या मोठ्या समूहात गेले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने स्पर्धा कमी होते म्हणून आक्षेप घेतला, २०१४ मध्ये अपील न्यायालयाने आयोगाची बाजू उचलून धरली आणि २०१६ मध्ये रुग्णालय पुन्हा वेगळे काढावे लागले. चार वर्षे ते स्वतंत्र राहिले, २०२० मध्ये मॅकलॅरेन या दुसऱ्या समूहात गेले आणि २०२३ मध्ये बंद झाले. एकाच रुग्णालयाने जोडणे, तोडणे, एकटे राहणे आणि पुन्हा जोडणे हे सगळे करून पाहिले.

विश्वस्त_एक (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. ताळेबंद यांनी सांगितलेला आकडा काढला: बांधीव निधी वगळून ९६ दिवस. बांधीव निधी धरून आमच्या अहवालात तो १५१ छापला होता, हे इथे कबूल करतो.

दरम्यान एक तिसरा प्रस्तावही आला आहे. एक गुंतवणूकदार संस्था आमची इमारत आणि जमीन विकत घ्यायला तयार आहे. रुग्णालय आम्हीच चालवायचे आणि त्यांना वीस वर्षे भाडे द्यायचे. मिळणाऱ्या रकमेत सीटी येतो, छप्पर होते आणि वर शिल्लक राहते. मंडळातले दोन्ही तट यावर एक झाले आहेत, आणि मला त्याचीच भीती वाटते.

ताळेबंद

भीती योग्य आहे. आज तुमच्या तोट्यात भाडे नाही. उद्या ते येईल, दरवर्षी करारानुसार वाढेल आणि रुग्ण कमी झाले म्हणून कमी होणार नाही. इमारत तुमच्या नावावर आहे म्हणून आज बँक दारात उभी करते. ती गेली की पुढच्या कर्जाला तारण काय देणार?

स्टीवर्ड हेल्थ केअर या अमेरिकी समूहाने २०१६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील आपल्या रुग्णालयांच्या जागा एका मालमत्ता-गुंतवणूक कंपनीला सुमारे १२५ कोटी डॉलरच्या व्यवहारात दिल्या आणि त्याच जागा भाड्याने घेतल्या. मे २०२४ मध्ये समूहाने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच वर्षी ३१ ऑगस्टला त्या राज्यातली त्यांची दोन रुग्णालये बंद झाली. तिथे घोळ अनेक होते, एकट्या भाड्यावर खापर फोडणे बरोबर होणार नाही. पण पडत्या काळात टेकायला जी भिंत लागते ती आधीच विकलेली होती. सीटीसाठी भाडेतत्त्वावर यंत्र घ्या किंवा कलमवार म्हणतात तसा निदान केंद्राचा उपक्रम करा. जमीन त्यात आणू नका.

कलमवार

मंडळ पहिल्या प्रस्तावाकडे वळलेच तर काय लिहून घ्यावे, हे आता सांगतो.

सतरांपैकी दोन जागांना मी किंमत देत नाही. दोन मते सभ्यपणे हरतात. किंमत आहे ती राखीव अधिकारांना: अंदाजपत्रक कोण मंजूर करणार, प्रशासक कोण नेमणार आणि काढणार, तुमच्या नावावर कर्ज कोण काढू शकेल, आणि एखादी सेवा बंद करायला कुणाची संमती लागेल. या चारांपैकी शेवटचा अधिकार ठरावीक वर्षांपुरता का होईना, स्थानिक मंडळाकडे ठेवा. बाकी तीन बहुधा मिळणार नाहीत.

दुसरा मुद्दा मसुदे वाचताना सगळेच विसरतात. साखळीने वचन मोडले तर दावा लावणार कोण? वचन ज्याला दिले ती तुमची संस्था विलीनीकरणात संपलेली असते. मेलेला माणूस वसुलीला जात नाही. म्हणून करार अमलात आणण्याचा अधिकार आणि वकिलाला देण्यापुरता निधी असलेली एक संस्था मागे जिवंत ठेवावी लागते.

नॉर्थ कॅरोलायनातील ॲशव्हिलचे मिशन रुग्णालय २०१९ मध्ये एचसीए या नफ्यासाठी चालणाऱ्या समूहाने सुमारे १५० कोटी डॉलरला घेतले. विक्रीचा पैसा डॉगवुड हेल्थ ट्रस्ट या नव्या न्यासाकडे गेला, प्रमुख सेवा दहा वर्षे चालू ठेवण्याचे वचन करारात आले आणि त्यावर स्वतंत्र निरीक्षक नेमला गेला. इतके सगळे करूनही आपत्कालीन आणि कर्करोग सेवांबाबत करारभंग झाल्याचा आरोप करत राज्याच्या ॲटर्नी जनरलनी (सर्वोच्च कायदा अधिकाऱ्यांनी) डिसेंबर २०२३ मध्ये दावा दाखल केला. समूहाने आरोप नाकारले. निकालात न शिरताही त्यातून घेण्यासारखे हे की ‘सेवा चालू ठेवणे’ म्हणजे काय, याचा अर्थ करारातच ठरवावा लागतो. प्रसूती विभाग चालू आहे असे केव्हा म्हणायचे? दिवसरात्र? भूलतज्ज्ञासह? किती परिचारिकांनिशी? एक खोली आणि एक पाटी ठेवूनही विभाग ‘चालू’ असतो.

आकडेमोड

स्पर्धा कायद्याचा मुद्दा राहिला आहे. ताब्यात घेणारा तुमचा शेजारचा प्रतिस्पर्धी असेल तर नियामकाची परवानगी हा निव्वळ उपचार नसतो. इंग्लंडमध्ये बोर्नमथ आणि पूल येथील दोन सार्वजनिक रुग्णालय संस्थांचे विलीनीकरण २०१३ मध्ये स्पर्धा आयोगाने रोखले. त्या दोन संस्था अखेर एक झाल्या त्या २०२० च्या ऑक्टोबरात. सात वर्षे म्हणजे एका सीटीचे बरेचसे आयुष्य.

कलमवार

बरोबर. आणि परवानगी मिळेपर्यंत दोन्ही रुग्णालये प्रतिस्पर्धीच असतात, त्यामुळे विमा कंपन्यांशी ठरलेले दर एकमेकांना दाखवू नका. आकडे तपासायचेच असतील तर बाहेरच्या तटस्थ चमूकडे द्या. उत्साहाच्या भरात दोन लेखाधिकारी एकमेकांना तक्ता पाठवतात आणि प्रकरण अंगाशी येते.

चिमटा

दर ठरवण्यातल्या वजनाबद्दल: स्वतंत्र राहूनही काही रुग्णालये जाळे करतात ना? नॉर्थ डकोटातील वीसहून अधिक छोट्या स्वतंत्र रुग्णालयांनी ‘रफ रायडर’ नावाचे असे जाळे उभे केल्याचे वाचले आहे. प्रत्येकाचे मंडळ वेगळे, पण विमा कंपन्यांशी काही करार एकत्र.

कलमवार

होय, पण नुसते एकत्र बसून दर मागितले तर तो संगनमताचा गुन्हा ठरू शकतो. उपचारांचे समान निकष, सामायिक माहिती, गुणवत्तेची जबाबदारी आणि नफा-तोट्यातली जोखीम खरोखरच वाटून घेतलेली असावी लागते. कष्टाचे काम आहे, आणि सुरुवातीला फायदा दिसत नाही.

प्रशासक_माजी

संलग्नता घेणार असाल तर एक सापळा सांगून ठेवतो. अध्यापन रुग्णालय आपली संगणकीय नोंदप्रणाली सवलतीत वापरायला देईल. ती उत्तम असेल, डॉक्टर खूश होतील. तीन वर्षांनी संलग्नता सोडायची म्हटली की कळते, सगळ्या रुग्णांच्या नोंदी त्यांच्या सर्व्हरवर आहेत. आमच्या संलग्नता करारात सहा महिन्यांच्या सूचनेवर बाहेर पडण्याची सोय होती. नोंदी बाहेर काढायला अठरा महिने लागले. कागदावरच्या लग्नापेक्षा हे लग्न पक्के. नोंदी कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत आणि कुणाच्या खर्चाने परत मिळतील हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या.

विश्वस्त_एक (धागाकर्ता)

काल मंडळाची बैठक झाली. जमिनीचा प्रस्ताव नाकारला. साखळीला कळवले आहे की ‘सामील’ म्हणजे सभासद-बदल की संपूर्ण विलीनीकरण ते लेखी सांगावे, आणि तोपर्यंत आम्ही इतरांशी बोलणे थांबवणार नाही. त्यांनी मागितलेले नव्वद दिवसांचे एकाधिकाराचे पत्र, म्हणजे तेवढे दिवस फक्त त्यांच्याशीच बोलण्याची हमी, दिले नाही. ९६ दिवसांतले नव्वद त्यांना देऊन टाकण्याचा विचार मंडळातल्या एकालाही आधी खटकला नव्हता. सीटीसाठी निदान केंद्राचा संयुक्त उपक्रम आणि भाडेतत्त्व अशी दोन्ही दरपत्रके मागवली आहेत. मेट्रनबाईंना समितीत घेतले आहे आणि त्यांनी पहिल्याच दिवशी पंपांची यादी मागितली.

अध्यापन रुग्णालयाचा सुधारित मसुदाही आला आहे. भूलतज्ज्ञांबद्दलचे कलम आता असे आहे: ‘संलग्न संस्था आठवड्यातून चार दिवस शक्य तितक्या प्रमाणात भूलतज्ज्ञ उपलब्ध करून देईल.’ एवढे पुरेसे आहे का?

कलमवार

‘शक्य तितक्या प्रमाणात’ काढून टाका. त्या जागी ‘किमान एक पूर्णवेळ भूलतज्ज्ञ’ असे घाला, आणि पुढे हे वाक्य जोडा: ज्या दिवशी तो येणार नाही त्या दिवसाच्या बदली तज्ज्ञाचा खर्च वार्षिक शुल्कातून वजा केला जाईल. त्यांनी हे मान्य केले तर त्यांच्याकडे खरोखरच भूलतज्ज्ञ आहेत असे समजा.

चिमटा

आणि रात्रीचे? चार दिवस म्हणजे दिवसाच ना? आमच्याकडे सिझेरियन बहुतेक पहाटे तीनलाच येते.